नंबर एक साल सांगतो, गिटार दुसरंच: जुन्या इलेक्ट्रिक गिटार-बेसचं साल काढताना होणारा घोळ

महिन्यातून दोन-तीनदा तरी हे होतंच. कोणीतरी जुनी इलेक्ट्रिक गिटार नाहीतर बेस घेऊन येतं, केस उघडायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरतं आणि विचारतं, "भाऊ, गिटारवरचा नंबर वेबसाइटवर टाकला तर हे साल दाखवून राह्यलं. बरोबर आहे का?" पुढची तक्रार ठरलेली असते. एकाच नंबराला दोन सालं येतात. किंवा साल येतं, पण तसली गिटार त्या साली बनतच नव्हती. किंवा नंबर एका सालचा आणि आतला भाग दुसऱ्याच सालचा. त्यात कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की हे जोडतोड केलेलं आहे, याला किंमत नाही. मग माणूस घरातली चांगली वस्तू पडेल भावात काढायला निघतो. ते मला पाहवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नागपुरात अशी जुनी वाद्यं अजून बरीच आहेत. सदर, कामठी, अजनीची रेल्वे वस्ती, तिथल्या कितीतरी घरांत कपाटावर नाहीतर पलंगाखाली एखादी लांबट केस असते. १९९१ च्या आधी परदेशी गिटार इथल्या दुकानात जाऊन घ्यावी इतकं ते सोपं नव्हतं. ती यायची परदेशातल्या मामाबरोबर, जहाजावर नोकरीला असलेल्या भावाबरोबर, चर्चच्या ओळखीतल्या कोणा पाहुण्याबरोबर. त्यामुळे बिल नसतं, कॅटलॉग नसतो, आणणारा माणूसही बहुतेक वेळा हयात नसतो. उरतो फक्त नंबर, आणि सगळा भार त्या एका नंबरावर पडतो.

नंबर आणि साल यांचं नातं सैल का असतं

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला फेंडर या गिटार कंपनीच्या कारखान्यात नेकमागे (नेक म्हणजे तारांखालचा लांब दांडा) बसवायच्या पत्र्याच्या प्लेटांवर नंबर आधीच ठोकलेले असायचे. त्या प्लेटा एका डब्यात पडून असत. गिटार जोडणारा हात घालायचा, हाताला येईल ती प्लेट घ्यायचा आणि चार स्क्रूंनी बसवायचा. डब्याच्या तळाशी गेलेली प्लेट कितीतरी महिन्यांनी वर यायची. म्हणजे नंबर क्रमाने ठोकले गेले, पण क्रमाने लावले गेले नाहीत. 'एल' अक्षराने सुरू होणाऱ्या प्लेटा याचं उत्तम उदाहरण आहेत. त्या १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंतच्या गिटारांवर सापडतात आणि त्यातला लहान आकडा मोठ्या आकड्याच्या नंतर लागलेला असू शकतो.

त्यामुळे नंबरावरून साल सांगणाऱ्या तक्त्यात नंबराची जी सालं दिलेली असतात ती लोकांनी उघडून पाहिलेल्या गिटारांवरून मागाहून मांडलेली आहेत. तो अंदाजाचा पट्टा आहे, जन्मदाखला नाही. नंबर तुम्हाला मोहल्ल्यापर्यंत नेतो, पुढे घर तुम्हालाच शोधावं लागतं.

आणि नंबर टाकण्याआधी तो कुठे आहे ते पाहा. निम्मा घोळ इथेच सुटतो. फेंडरचा नंबर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलिकास्टर गिटार आणि प्रिसिजन बेस या मॉडेलांच्या ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथल्या, पत्र्यावर असायचा, मग तो नेक प्लेटवर गेला आणि १९७६ पासून हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, आला. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली, त्यानंतरच्या प्लेटांवर नंबराखाली मोठा 'एफ' कोरलेला असतो आणि त्या १९७६ पर्यंत चालल्या. 'एफ'च्या प्लेटची गिटार कोणी १९६२ ची म्हणत असेल तर प्लेट बदललेली आहे किंवा साल चुकलेलं आहे, तिसरी शक्यता नाही.

कामठीचा बेस: प्लेट एक सांगते, पॉट दुसरं

दोन उन्हाळ्यांपूर्वी कामठीचे एक काका आले. रेल्वेतून रिटायर झालेले, बरोबर कॉलेजात शिकणारी नात. फेंडर प्रिसिजन बेस होता, त्यांच्या मेहुण्याने इंग्लंडहून आणलेला. प्लेटवर मोठा 'एफ', नंबर दोन लाखांच्या घरातला. हा आकडा तक्त्यात साधारण १९६७ ते १९६९ मध्ये बसतो. पण त्याआधी कोणीतरी पिकगार्ड (बॉडीवरचं पुढचं झाकण) उघडून आतल्या पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, कोड वाचला होता आणि तो १९६६ चा निघाला होता. मग निदान झालं की बेस १९६६ चा, प्लेट नंतरची, म्हणजे दोन बेसचे तुकडे जोडून एक केलेला. काका ते मनाला लावून बसले होते. "मेहुण्याला तिकडे फसवलं कोणी? का त्यानंच मला जुनाट माल दिला?" एवढंच ते विचारत होते. किमतीबद्दल एक शब्द नाही.

वर्षानुवर्षं मीही असा पॉट पाहिला की त्यालाच साल समजायचो. एका मुलाला त्याच्या बेसचं साल मी असंच दोन-तीन वर्षं आधीचं सांगितलं होतं, आणि नंतर त्याच्या घरी जाऊन ते दुरुस्त करून आलो. कारण असं आहे: सीबीएसच्या काळात, १९६६ साली, फेंडरने पॉट मोठ्या प्रमाणावर खरेदी करून ठेवले. तो साठा पुढची काही वर्षं पुरला. त्यामुळे १९६७, १९६८, अगदी १९६९ च्या फेंडरमध्येही १९६६ चेच पॉट मिळतात, आणि ते मूळचे असतात. पॉटवरचं साल एवढंच सांगतं की गिटार या तारखेच्या आधी बनलेली नाही. नंतर कधी, ते तो सांगू शकत नाही.

पॉटचा कोड वाचायची रीत अशी. अमेरिकन पॉटच्या पाठीवर किंवा कडेला सहा-सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन पॉट बनवणाऱ्या कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. त्यानंतर साल, शेवटी आठवडा. काकांच्या बेसमध्ये १३७६६१२ होतं: सीटीएस, १९६६, बारावा आठवडा, म्हणजे मार्चचा उत्तरार्ध. साल दोन आकड्यांत लिहायची पद्धत साठच्या दशकापासूनची आहे. त्याआधी एकच आकडा असायचा, म्हणून सहा आकडी कोडात चौथा आकडा ६ असेल तर तो १९५६ चा धरावा. एक साधी खूण लक्षात ठेवा: शेवटचे दोन आकडे ५२ च्या वर जात असतील तर तुम्ही चुकीचा आकडा वाचताय किंवा चुकीच्या जागेपासून सुरुवात करताय.

आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. चार महिने घरात कूलर चालतो आणि गिटारची केस नेमकी कूलरच्या तोंडाशी ठेवलेली असते. त्या ओलसर हवेने पॉटच्या पत्र्यावर गंजाची बुरशी चढते आणि कोड बुजतो. तिथे गंज काढायचं तेल मारू नका, पॉटच्या आत गेलं तर नुकसान होतं. कोरड्या कापसाने हलकेच पुसा, टॉर्च अगदी आडवा धरा आणि फोनने फोटो काढून मोठा करून पाहा. आकडे सोल्डरच्या थेंबाखाली गेले असतील तर ते तसेच राहू द्या. साल वाचायला म्हणून मूळ सोल्डर वितळवणं हा त्या गिटारवर अन्याय आहे. न छेडलेला सोल्डर हाच आतला भाग मूळचा असल्याचा मोठा पुरावा असतो, आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

नेक उघडणं

फेंडरच्या बाबतीत सगळ्यात भरवशाची तारीख नेकच्या टाचेवर असते, म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर. सुरुवातीची वर्षं ती पेन्सिलने लिहायचे. १९६२ च्या मार्चपासून शिक्का मारायला लागले: आधी मॉडेलचा आकडा, मग महिना, साल, आणि शेवटी एक अक्षर, ते नेकच्या रुंदीचं. 'बी' म्हणजे नेहमीची रुंदी, 'ए' अरुंद, 'सी' त्याहून रुंद. लोक या 'बी'ला दुसरी प्रत, दुसरा दर्जा असं काहीबाही समजतात. तसं काही नाही.

उघडायची पद्धत नीट पाळा. तारा एकदम कापू नका, सगळ्या थोड्याथोड्या सैल करत आणा आणि मग काढा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्या, सैल पेचकसाने डोकं झिजलं तर पुढे ड्रिल लावायची पाळी येते. चारही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडवा. कोणता स्क्रू कोणत्या भोकातला ते लिहून ठेवा, त्यांची लांबी सारखी असेलच असं नाही. १९७१ ते साधारण १९८१ मधल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारला तीनच स्क्रू असतात, एक हरवला असं समजू नका. बेसचा नेक लांब आणि जड असतो, म्हणून दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. अडकल्यासारखा वाटला तर ओढाताण करू नका, बॉडीच्या काठावरचा रंग टवका होऊन निघतो. आणि हे फक्त स्क्रूच्या नेकसाठी आहे. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचे बहुतेक नेक सरसाने चिकटवलेले असतात, ते उघडायचा विचारही करू नका.

काकांच्या बेसचा नेक त्यांच्या नातीनेच धरला होता. शेवटचा स्क्रू निघाला आणि नेक हलकासा 'टक्' करून सुटला. खाचेत जुन्या लाकडाचा कोरडा, किंचित गोडसर वास होता. तळाशी कोणीतरी कॅलेंडरच्या जाड कागदाची घडी ठेवली होती, नेकचा कोन बसवायला. घडीवर मराठी तिथ्या स्पष्ट वाचता येत होत्या. ती काकांच्याच हातची निघाली, आणि आपणच ती ठेवली होती हे ते विसरून गेले होते. तिच्या वर, टाचेवर, फिकट शाईत शिक्का: नोव्हेंबर ६८, शेवटी 'बी'.

एवढ्याने सगळं जागेवर बसलं. नेक नोव्हेंबर १९६८ चा, प्लेट १९६७ ते १९६९ च्या पट्ट्यातली, पॉट १९६६ च्या साठ्यातले, हेडस्टॉकवर काळ्या अक्षरांतला लोगो जो १९६८ च्या सुमारास आला. चौघे एकमेकांना दुजोरा देतात. बेस जोडलेला नव्हता. फिंगरबोर्ड भारतीय शिसवीचा दिसत होता. साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरने ब्राझीलच्या लाकडाऐवजी आपल्याकडचं शिसवी वापरायला सुरुवात केली होती. आपल्या जंगलातलं लाकूड कॅलिफोर्नियाला गेलं, तिथून इंग्लंड करत कामठीला परत आलं, हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी फिंगरबोर्डवरून सावकाश अंगठा फिरवला.

एक सावधगिरी इथेही आहे. नेकवरची तारीख नेक तयार झाल्याची आहे, बेस जोडल्याची नाही. नेक काही आठवडे, कधी काही महिने मांडणीवर पडून राहायचा. नोव्हेंबरचा नेक असलेला बेस पुढच्या सालच्या सुरुवातीला जोडला गेला असेल, तर त्यात विचित्र काही नाही.

नेक परत बसवताना स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण लावा. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'खट्' करून पडला की मग सुलटा आवळा. असं केलं नाही तर स्क्रू लाकडात नवी वाट कापतो आणि पन्नास वर्षं टिकलेलं भोक दहा मिनिटांत पोकळ होतं.

हेडस्टॉकवरची अक्षरं: 'एस', 'ई', 'व्ही'

१९७६ नंतरचं फेंडर वाचायला सोपं वाटतं, म्हणून तिथे चूक जास्त होते. १९७६ मध्ये आधी नंबर ठळक ७६ ने सुरू झाला, मग 'एस६'. 'एस' सत्तरच्या दशकाचा, 'ई' ऐंशीच्या, 'एन' नव्वदच्या, पुढचा आकडा त्या दशकातल्या सालाचा. म्हणजे 'एस८' १९७८. पण नंबराचे स्टिकर आधीच छापून ठेवलेले असत आणि संपेपर्यंत लावले जात. म्हणून 'एस९' १९८१ पर्यंतही दिसतो. 'ई४' सगळ्यात फसवा. सीबीएसने १९८५ मध्ये कंपनी विकली, फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता, नव्या मालकांना कोरोना गावात नव्याने कारखाना उभा करावा लागला, आणि या सगळ्यात 'ई४'चे स्टिकर १९८७ पर्यंत वापरात राहिले. १९९० साली तर काही हेडस्टॉकवर चुकून 'एन९' लागला, म्हणून ती गिटार नऊ वर्षांनी तरुण ठरते.

त्याच काळात जपानमध्येही फेंडर बनत होते आणि तिथेही 'ई'पुढे सहा आकडे असा नंबर १९८४ ते १९८७ मध्ये चालला. अमेरिकन तक्ता लावून जपानी गिटार वाचली की उत्तर चुकणारच. आधी 'मेड इन जपान' हे शब्द शोधा. ते हेडस्टॉकवर असतीलच असं नाही, नेकच्या मागे बॉडीला लागून बारीक अक्षरांत असू शकतात. 'जेव्ही' असेल तर १९८२ ते १९८४ चं जपानी फेंडर, आणि ते चांगलं काम आहे, सांभाळून ठेवा.

'व्ही' नेक प्लेटवर दिसला तर थांबा. १९८२ पासून फेंडरने १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांच्या हुबेहूब पुनर्निर्मित गिटार काढल्या, त्यांना 'व्ही'ने सुरू होणारे नंबर दिले. दिसायला सगळं पन्नाशीचं, म्हणून लोक ती १९५७ ची समजून येतात. 'व्ही'च्या आकड्यांतून साल निघत नाही, तिथे नेकची टाचच पाहावी लागते.

गिब्सन: एकाच नंबराची दोन गिटारं

सदरमध्ये एका घरी गिब्सनचा ईबी बेस होता. सहा आकडी नंबर टाकला की एकदा १९६७ आणि एकदा १९७० नंतरचं साल येत होतं. यात तक्ता चुकत नव्हता. १९६० च्या दशकात आणि १९७० ते १९७५ मध्ये गिब्सनने नंबर कुठलाही क्रम न धरता, तेच-तेच पुन्हा वापरत ठोकले. एकाच नंबराच्या दोन-तीन गिटार खरोखर अस्तित्वात आहेत.

इथे हेडस्टॉकची पाठ वाचायची. नंबराखाली 'मेड इन यूएसए' ठोकलेलं असेल तर १९७० किंवा नंतर. हेडस्टॉक जिथे नेकला मिळतो तिथे मागून बोट फिरवा. लाकडाचा उंचवटा लागला, ज्याला व्होल्यूट म्हणतात, तर १९६९-७० ते १९८१ च्या सुमाराचं. नेकचं लाकूड एकाच तुकड्याचं आहे का तीन पट्ट्यांचं, तेही पाहा. तीन पट्ट्या १९६९ पासून दिसू लागतात. त्या बेसला उंचवटाही नव्हता आणि अमेरिकेचे शब्दही नव्हते. तो साठच्या दशकातला होता, आणि पॉटचे कोड त्याच बाजूने बोलले.

बाकीचं गिब्सन त्यामानाने सरळ आहे. १९५३ ते १९६१ मधल्या सॉलिड बॉडी गिटारांवर शाईचा शिक्का, पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा: ९ म्हणजे १९५९. मात्र कंपनीच्या कस्टम शॉपने नंतर काढलेल्या जुन्या नमुन्यांवरही असाच ९ असतो, म्हणून केवळ त्यावर जीव टाकू नका. १९७५ ते १९७७ मध्ये स्टिकरवर पहिले दोन आकडे ९९, ००, ०६, अनुक्रमे तीन सालांचे. आणि १९७७ पासून आठ आकडी पद्धत, तीच माझी सगळ्यात आवडती. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन वर्षातला दिवस, शेवटचे तीन त्या दिवशीच्या गिटारचा क्रमांक. ८१२९३५१२ घ्या: ८ आणि ३, म्हणजे १९८३, १२९ वा दिवस, म्हणजे ९ मे, ५१२, म्हणजे नॅशविलचा कारखाना, कारण ५०० च्या खालचे आकडे कलामझूच्या जुन्या कारखान्याचे होते. कलामझूचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. मधले तीन आकडे ३६६ च्या वर गेले तर नंबर चुकीचा वाचलाय किंवा गिटार नकली आहे. नकली लेस पॉलची (गिब्सनचं प्रसिद्ध मॉडेल) आणखी एक खूण: ट्रस रॉडवरचं, म्हणजे नेकच्या आतल्या सळईच्या टोकावरचं, छोटं झाकण गिब्सन दोन स्क्रूंनी लावतं, नकलीवर पुष्कळदा तीन असतात.

रिकनबॅकर कमी येतात, पण आले तर वायर लावायच्या जॅकच्या पत्र्यावर पाहा. १९६१ ते १९८६ मध्ये दोन अक्षरं: पहिलं सालाचं, 'ए' १९६१ पासून, दुसरं महिन्याचं, 'ए' जानेवारी. 'पी' आणि 'बी' असेल तर फेब्रुवारी १९७६. हा पत्राही स्क्रूंनीच लावलेला असतो, म्हणजे बदलता येतो.

जपानी गिटार आणि 'एफ'चा पेच

आयबनेझच्या जपानी गिटारांवर १९७५ ते १९८६ मध्ये पहिलं अक्षर महिन्याचं ('ए' जानेवारी ते 'एल' डिसेंबर), मग दोन आकडे सालाचे, मग चार आकडे उत्पादनाचे. १९८७ पासून पद्धत बदलली: 'एफ' म्हणजे फुजीगेन कारखाना, पुढे एकच आकडा सालाचा. आता 'एफ७८१२३४' पाहा. जुन्या रीतीने जून १९७८, नव्या रीतीने फुजीगेन १९८७. दोन्ही वाचनं नियमात बसतात, म्हणून वेबसाइट कधी हे सांगते कधी ते. उकल गिटारकडे पाहूनच होते. आरजी आणि जेम ही मॉडेलं १९८७ ची, ती १९७८ ची असूच शकत नाहीत. उलट गिब्सन-फेंडरच्या वळणाची सत्तरच्या दशकातली गिटार असेल तर जुनं वाचन धरा. १९७७ मध्ये गिब्सनच्या मूळ कंपनीने आयबनेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून खटला भरला. गिब्सनसारखा हेडस्टॉक त्या सुमारापर्यंतचाच. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ जपानी गिटारांवर नंबर नसतोच. तो खरवडून काढला असा संशय घेऊ नका.

गिवसनला गिब्सनचा तक्ता लावू नका

हे आठवड्याआड होतं, म्हणून सांगतो. गिवसन ही कोलकात्याची भारतीय कंपनी आहे. वळणदार अक्षरांतलं नाव घाईत गिब्सन वाचलं जातं, नंबर गिब्सनच्या तक्त्यात टाकला की कुठलं तरी साल निघतंच. त्या सालाला काही अर्थ नाही. भारतीय गिटारचं साल दुकानाच्या स्टिकरवरून काढा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. स्टिकरवर 'नागपूर ४४००१२' असेल तर विक्री त्यानंतरची, नुसतं 'नागपूर-१' असेल तर बहुधा आधीची. खाली फोन नंबर किती आकडी आहे तेही लिहून घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यावरून काळ बरोबर आठवतो.

नंबरच वाचता येत नसेल तर

घामाने आणि घासून शिक्के पुसट होतात. १ आणि ७, ३ आणि ८, ५ आणि 'एस' यांच्यात गफलत होते, आणि एका आकड्याने दहा वर्षांचा फरक पडतो. खोलीत अंधार करून टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, ठोकलेल्या आकड्यांच्या सावल्या उमटतात. शाईच्या शिक्क्याला किराणा दुकानात नोटा तपासायला असतो तो निळा दिवा लावून पाहा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं, आणि नंतर रंगवलेला भाग गडद राहतो. हेडस्टॉकची पाठ गडद आणि बाकी नेक चमकत असेल, तर तिथे कोणीतरी हात मारलेला आहे आणि तो नंबर विश्वासाचा नाही. मात्र १९६८ पासून फेंडरने बॉडीला पॉलिएस्टरचा जाड थर द्यायला सुरुवात केली, ती बॉडी चमकली नाही म्हणून घाबरू नका.

काकांच्या बेसला मी नवी चिठ्ठी करून दिली. त्यावर एकच साल लिहिलं नाही. नेक: नोव्हेंबर १९६८. पॉट: १९६६, बारावा आठवडा, मूळ सोल्डर. प्लेट: 'एफ', १९६७ ते १९६९. उघडल्याची तारीख, आणि उघडताना कोण हजर होतं. नातीने ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून केसच्या कप्प्यात ठेवली. कॅलेंडरच्या कागदाची ती घडी मी फेकणार होतो, काकांनी मागून घेतली आणि त्याच पिशवीत टाकली. खाचेत आता पातळ मेपलची फट्टी आहे, आणि बेस जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा सुरात लागला.